बंदगळा, पैठणी आणि बो टाय : क्रूझवरचे कपडे आणि वागणं

जहाजप्रवासाबद्दल आलेल्या पत्रांपैकी निम्मी कपड्यांबद्दल होती, उरलेली सहप्रवाशांच्या वागण्याबद्दल. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे जाताना या वेळी आम्ही दोघं साउदम्प्टनहून ‘क्वीन मेरी २’ने न्यू यॉर्कला जाणार आहोत. सात रात्रींचा प्रवास आहे. एजंट म्हणतो, दोन रात्री सूट आणि बो टाय लागेल. मी जन्मात टाय लावलेला नाही. सौ.ला पैठणी नेसायची आहे. चालेल का? — एक निवृत्त वाचक, पुणे

उत्तर : पैठणी चालेल, आणि तुम्ही बो टाय विकत घेऊ नका. कूनार्ड कंपनीच्या या जहाजावर सात रात्रींत साधारण दोन ‘गाला’ रात्री असतात. त्या दिवशी संध्याकाळी सहानंतर पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालावा, अशी अपेक्षा असते. पण आपापल्या देशाचा समारंभी पोशाखही त्यांच्या नियमात बसतो. काळा किंवा गडद निळा बंदगळा, किंवा शेरवानी, अगदी निःशंक घाला. साधा सुती झब्बा-लेंगा मात्र गाला रात्रीला अपुरा पडतो, कारण अपेक्षा ‘समारंभी’ पोशाखाची आहे. लग्नाच्या मांडवात जे घालून पहिल्या रांगेत बसाल, ते इथे चालतं, असा अंदाज धरा. गाला रात्रीला कधी काळा-पांढरा रंग, कधी मुखवटे अशी थीम असते. ती पाळणं ऐच्छिक आहे.

उरलेल्या पाच रात्रींना कॉलरचा शर्ट, फुल पँट आणि बंद बूट पुरेत. संध्याकाळी हाफ पँट, बिनबाह्यांचा टी-शर्ट, फाटकी जीन्स नको. म्हणजे तुमच्यासाठी एक बंदगळा, दोन पँटी, तीन-चार शर्ट आणि एक काळे बूट. दोन्ही गाला रात्रींना तोच बंदगळा घातला तरी कोणी मोजत बसत नाही. जहाजावर धुलाईयंत्रं आणि इस्त्रीची सोय असलेली खोली आहे, तिथे पैसे पडत नाहीत. घरची इस्त्री किंवा वाफेची छोटी इस्त्री नेऊ नका. आगीच्या भीतीने अशा वस्तू केबिनमध्ये ठेवू देत नाहीत. सामान तपासताना काढून घेतात आणि उतरताना परत देतात.

आता पैठणीबद्दल. जरीच्या घडीवर इस्त्री फिरवायची वेळ येऊ नये म्हणून ती मऊ सुती कापडात सैल गुंडाळून न्या आणि गाला रात्रीच्या आदल्या दिवशीच कपाटात टांगा. निऱ्या घरच्यापेक्षा दोन बोटं वर घ्या. अटलांटिकवर जहाज हलतं, आणि जिना उतरताना पायाखाली निरी आली तर सावरायला हात मोकळा हवा. म्हणून खांद्याला मोठी पिन आणि निऱ्यांना आतून एक पिन लावा. एक हात कायम कठड्यावर असू द्या. उंच टाच नकोच, रबरी तळ हवा. कातडी तळाची मोजडी गुळगुळीत फरशीवर घसरते, हे तुम्हालाही लागू आहे. नऊवारी नेसता येत असेल तर जहाजावर ती पाचवारीपेक्षा सोयीची, कारण काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात. नेसून उघड्या डेकवर फोटोला जाऊ नका. समुद्रमध्यावरचा वारा पदर हातात राहू देत नाही. फोटो आतल्या मोठ्या जिन्यावरच छान येतात.

एखाद्या रात्री नटायचा कंटाळा आलाच, तर किंग्ज कोर्टचा बुफे, गोल्डन लायन पब आणि कॅरिंथिया लाउंज इथे गाला रात्रीही साध्या कपड्यांत बसता येतं. मुख्य जेवणघर आणि नाचाचा हॉल मात्र त्या रात्री तशा कपड्यांत टाळा.

प्रश्न : आम्ही लाखो रुपये मोजतो आणि परत त्यांनी सांगायचं की काय घाला! हा साहेबी थाट एकविसाव्या शतकात कशाला? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचा राग समजतो, आणि थाटाचं मूळ साहेबीच आहे हे खरं. पहिल्या वर्गातला प्रवासी रात्रीच्या जेवणाला कपडे बदलूनच येई. त्यासाठी ट्रंका भरभरून कपडे असत. वाटेत लागणारी ट्रंक केबिनमध्ये यायची आणि बाकीच्या ट्रंकांवर ‘प्रवासात नको’ अशी चिठ्ठी चिकटवून त्या तळाच्या कोठारात जायच्या. ट्रंका उघडलेल्या नसत म्हणून पहिल्या रात्री आणि त्या बांधलेल्या असत म्हणून शेवटच्या रात्री नटायचं नाही, हा संकेत पडला. आजही बहुतेक जहाजांवर पहिली आणि शेवटची रात्र साधीच असते.

या संकेतांचा ताण आपल्या माणसांनी सोसलेला आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेला निघालेल्या मोहनदास गांधींनी जहाजावर काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायला राखून ठेवला. उतरल्यावर पाहतात तो त्या थंडीत पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच. बाकीचं सामान किल्ल्यांसकट एजंटकडे गेलेलं, दिवस शनिवारचा. सोमवारपर्यंत कपडे बदलायला काही नव्हतं. जहाजावर काटा-चमच्याच्या संकोचाने ते केबिनमध्येच बरोबर नेलेली मिठाई आणि फळं खात. कोणते कपडे कुठे आणि केव्हा, हे आधी कोणी स्पष्ट सांगितलं नाही की माणसाची अशी कुचंबणा होते.

म्हणूनच आमचं मत असं : नियम असू दे, पण तो जहाजभर नको, खोलीपुरता हवा, आधी लेखी कळवलेला हवा, आणि ज्याला तो पाळायचा नाही त्याला त्याच तिकिटात, तितकंच चांगलं जेवण दुसरीकडे मिळायला हवं. या तीन अटी पूर्ण होत असतील तर तक्रारीला जागा उरत नाही. नटून आलेल्यांनाही त्यांच्या पैशांची एक संध्याकाळ हवी असते, आणि शेजारच्या टेबलावर बर्म्युडा दिसली की तिची मजा जाते. एखादी कंपनी मुख्य जेवणघरात सूट मागते आणि पर्याय म्हणून उरलासुरला बुफे ठेवते, तेव्हा मात्र तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. ती जहाजावरच गेस्ट सर्व्हिसेसला, म्हणजे प्रवाशांच्या मदतीच्या काउंटरवर, लेखी द्या.

ज्यांना हा प्रकारच नको, त्यांच्यासाठी वेगळ्या कंपन्या आहेत. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली. जेवणाची ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही आणि सक्तीची औपचारिक रात्रही नाही. तिकीट काढण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर ‘काय घालावं’ हे पान वाचलं की निम्मे वाद मिटतात.

प्रश्न : मुंबई-गोवा क्रूझवर आम्ही सोळा जण जात आहोत, आजीपासून दीड वर्षाच्या नातवापर्यंत. पोहण्याचे कपडे, घरचा फराळ, सकाळची पूजा, रात्रीच्या अंताक्षरीची वेळ, सगळ्याचं काय करायचं? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी ज्याची कोणी चौकशी करत नाही ते सांगतो : सुरक्षा कवायत. जहाजावर चढल्या-चढल्या सोळाच्या सोळा जणांनी आपलं जमण्याचं ठिकाण, म्हणजे मस्टर स्टेशन, पाहून यायचं आणि कार्ड स्कॅन करून हजेरी लावायची. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा लहान मुलांनाही पाठ करून द्या. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यालगत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटलं आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हा ती चोवीस तासांत केली तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला : जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच. हजेरी न लावता बुफेकडे पळणारं कुटुंब खलाशांना नावं पुकारत डेकभर फिरायला लावतं. आमच्या मते हाफ पँट घालून जेवायला जाण्यापेक्षा हे कितीतरी वाईट वागणं आहे.

पूजेचं असं की निरांजन, उदबत्ती, धूप केबिनमध्ये अजिबात नाही. छतावरचा धुराचा सेन्सर उदबत्तीलाही ओळखतो आणि खलाशी धावत येतात. समुद्रावर आग लागली तर बंब बाहेरून येत नाही. २३ मार्च २००६ रोजी जमैकाजवळ ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजावर बाल्कनीत आग लागली. जळत्या सिगारेटमुळे ती लागली असावी, असा निष्कर्ष निघाला. बाल्कन्यांमधले प्लास्टिकचे आडोसे पेटत गेले आणि एका प्रवाशाचा जीव गेला. आजींनी देवाची तसबीर आणि जपमाळ आणावी, बॅटरीवरची पणती लावावी. बाल्कनीच्या कठड्यावर ओले टॉवेलही वाळत घालू नका. वाऱ्याने उडालेला टॉवेल खालच्या मजल्यावर जातो. बाथरूममध्ये ओढून ताणायची दोरी असते, ती त्याचसाठी आहे.

बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडू नका. दोन्ही एकदम उघडली की वारा आरपार धावतो आणि जड दार हातातून सुटून आपटतं. लहान मुलांची बोटं सापडतात ती याच वेळी. दार नेहमी हाताने धरून, कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत टेकवत न्या.

पोहायला नायलॉन किंवा पॉलिएस्टरचेच कपडे हवेत. अंगभर हवे असतील तर पूर्ण बाह्यांचा, पायघोळ स्विमसूट मिळतो. तो पोहण्याच्या कापडाचा असला की झालं. सुती टी-शर्ट, सलवार, लेगिंग घालून उतरलं की जीवरक्षक शिट्टी वाजवतो, त्यात अपमान मानू नका. सुताचे धागे गाळणीत अडकतात आणि ओलं सुती कापड इतकं जड होतं की घाबरलेल्या माणसाला हातपाय मारता येत नाहीत. नातवाला डायपर लागत असेल तर मोठ्या तलावात नेऊ नका, पोहण्याचा डायपर असला तरीही. त्यातून पाणी दूषित झालं की तलाव रिकामा करून धुवावा लागतो आणि सगळ्यांचा दिवस जातो. बाळांसाठी वेगळं कारंजं असेल तर तिथे न्या.

फराळ : बंद पाकिटातली चकली, शंकरपाळे, बाकरवडी बहुतेक ठिकाणी चालते. घरी शिजवलेलं, ओलं, डब्यातलं नाही. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंग करतानाच नोंदवा आणि पहिल्या रात्री हेड वेटरला पुन्हा सांगा. बुफेत दर फेरीला नवी थाळी घ्या. उष्टी थाळी डावाला लागली की उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस पुढच्या शंभर जणांकडे जातो. पाण्याची बाटली नळीला टेकवून भरू नका, ग्लासात घेऊन ओता. जेवणाआधी साबणाने वीस सेकंद हात धुवा. या विषाणूवर सॅनिटायझरचा भरवसा नाही.

अंताक्षरी जरूर खेळा, पण केबिनबाहेरच्या बोळात नको. भिंती पातळ असतात आणि शेजारी तापाने फणफणलेलं मूल असू शकतं. सोळा जणांना एखाद्या लाउंजचा कोपरा द्या, असं गेस्ट सर्व्हिसेसला दुपारीच सांगून ठेवलं तर सहसा सोय होते.

प्रश्न : सकाळी सहालाच लोक तलावाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल, चपला ठेवून जातात. ते उचलून बाजूला केले तर चालतं का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : स्वतः हात लावू नका, भांडण तिथेच सुरू होतं. टॉवेलवाल्या कर्मचाऱ्याला बोलवा. कार्निव्हल कंपनीच्या जहाजांवर ते खुर्चीवर वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवतात आणि चाळीस मिनिटांनी सामान उचलून ठेवतात. रॉयल कॅरिबियनमध्ये ही मुदत तीस मिनिटांची आहे. तुम्हालाही तेवढाच वेळ मिळेल. जेवायला जाताना खुर्ची सोडून द्या.

प्रश्न : रोजची टीप बिलात आपोआप लागते. ती काढून टाकून आवडत्या वेटरला रोख दिली तर जास्त योग्य नाही का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. अमेरिकी कंपन्यांमध्ये ही रक्कम माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर असते आणि ती तुम्हाला न दिसणाऱ्या लोकांपर्यंतही पोचते : भांडी घासणारे, चादरी धुणारे. वेटरच्या हातात रोख ठेवलीत तर त्यांचा वाटा बुडतो. ती रक्कम असू द्या आणि वर द्यायचं असेल ते द्या. चौघांचं सात दिवसांचं गणित तिकिटाच्या वेळीच मांडा, म्हणजे शेवटच्या दिवशी काउंटरवर वाद घालावा लागत नाही. दारूच्या बिलावर वेगळी १८ ते २० टक्के टीप आधीच लागलेली असते, पावती वाचल्याशिवाय त्यावर आणखी लिहू नका.

प्रश्न : न्यू जर्सीहून कॅरिबियनला निघालो आहोत. मुलाला मिलिटरी छापाची हाफ पँट फार आवडते. बंदरावर चालेल? — एक वाचक, एडिसन

उत्तर : घरीच ठेवा. बार्बाडोस, जमैका, सेंट लुशिया, त्रिनिदाद अशा अनेक बेटांवर लष्कराबाहेरच्या कोणीही हा छाप घालणं कायद्याने मना आहे, मुलांनीही. टोपी आणि पाठीवरची बॅगही त्यात धरतात.

आणि एक, सर्वांसाठीच : शेवटच्या रात्री मोठी बॅग केबिनबाहेर ठेवायची असते, ती सकाळी धक्क्यावरच भेटते. सकाळचे कपडे, बूट, औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत काढून ठेवल्याशिवाय ती बॅग बंद करू नका. चढतानाही तेच : बॅग केबिनमध्ये पोचायला संध्याकाळ होते, तोवरचे कपडे आणि औषधं हाताशी हवीत.