जमिनीचे पैसे आले, मग झोप का गेली?

"मॅडम, पैशानं सुख मिळतं का?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी दोन टोकांची माणसं विचारतात. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणारा मुलगा विचारतो, तेव्हा त्याच्या डोक्यात पुढच्या महिन्याचे मेसचे पैसे असतात. वाघोलीपलीकडच्या एखाद्या गावातली, जमीन बिल्डरला देऊन बंगला बांधलेल्या घरातली बाई विचारते, तेव्हा तिच्या डोक्यात भलतंच काही असतं. दोघांना एकच उत्तर देणं अन्यायाचं आहे.

त्या मुलाला मी "पैसा म्हणजे सर्वस्व नव्हे" असं कधीच ऐकवत नाही. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तोडणीआधी हात आखडलेला असताना आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर, अशा दोन्ही वेळी त्याच शेतकऱ्यांच्या आकलनाच्या चाचण्या घेतल्या होत्या. माणसं तीच, पण तोडणीआधी त्यांना त्या चाचण्या जड गेल्या. चणचण नुसता खिसा रिकामा करत नाही, ती विचार करायची ताकदही खाते. अशा माणसाला पैसा मिळाला की त्याचं दुःख खरोखर कमी होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता त्या बाईंविषयी. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना सुरेखाताई म्हणू.

वय पन्नाशीच्या आसपास. थायरॉईड, शुगर सगळं तपासून झालं, काही निघालं नाही, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं होतं. पहिल्या भेटीत बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "सगळं हाय मॅडम. बंगला हाय, गाडी हाय, दोन गाळ्यांचं भाडं येतंय. पण काय गोड लागंना. रात्री दोन वाजता डोळा उघडतो तो उघडाच. लोक म्हणतात, हिला सुख टोचतंय."

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. पैसा असूनही दुःखी असलेल्या माणसाला दुहेरी शिक्षा होते. दुःख असतंच, वर ते सांगायची चोरी. कोणापाशी बोलायला जावं, तर "तुला काय कमी आहे?" हे उत्तर तयार असतं. म्हणून अशा वेळी मी आधी सुखदुःखाच्या चर्चेत शिरत नाही. झोप, भूक, कामातलं लक्ष, जगणं नकोसं वाटणं, हे किती दिवसांपासून आहे ते विचारते. नैराश्य हा आजार आहे आणि तो बँकेतली शिल्लक बघून येत नाही. सुरेखाताईंना मी मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. काही महिने त्यांनी गोळ्या घेतल्या आणि त्यांचा उपयोग झाला. बोलणं त्याच्या जोडीनं चालू राहिलं.

बोलण्यात मी त्यांना आधी उलटाच प्रश्न विचारला. पैसा आल्यानं कोणता त्रास कायमचा गेला? त्यांना वाटलं होतं, मी पैशाची निंदा करेन. थोडा विचार करून त्या सांगू लागल्या. सोसायटीचं कर्ज फिटलं. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की डोक्यावरून पाणी आणावं लागायचं, ते थांबलं. सासूबाईंचं ऑपरेशन दागिने गहाण न ठेवता झालं. सांगताना आवाज मोकळा होत गेला. "ते दिवस परत नकोत मॅडम," हे त्यांनी ठामपणे सांगितलं. म्हणजे पैशानं त्याचं काम चोख केलं होतं. मग झोप कशानं गेली?

ते हळूहळू बाहेर आलं. जमीन वडिलोपार्जित. विक्रीआधी दोन्ही नणंदांना गाडी पाठवून बोलावलं, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या, एकेक साडी दिली, जेवण घातलं आणि गाडीनंच परत पोचवलं. आपल्याकडे हे इतक्या सरावानं चालतं की करणाऱ्याला त्यात काही वावगंही वाटत नाही. २००५ सालच्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेवर मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. २००५ साली वडील हयात नसले तरी हा हक्क जन्मानंच मिळालेला असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. कायदा बहिणींच्या बाजूनं उभा आहे, पण आईबापाच्या माघारी माहेर तुटेल या भीतीनं बाया सही करतात. इथं सही करूनही माहेर तुटलं. त्या वर्षीपासून भाऊबीजेला दोघींपैकी कोणी आलं नाही.

"धाकटी माझ्याच हातावर वाढली," सुरेखाताई म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तवा ती तिसरीत होती. तिची वेणी मी घालायची."

घरात आणखी एक माणूस आतून रिकामं होत चाललं होतं. त्यांचे पती. जन्मभर पहाटे पाचला उठायची सवय, ती सुटली नव्हती. पण उठून करायचं काय? पोर्चमध्ये खुर्ची टाकून मोबाईल बघायचा, दुपारी झोपायचं, संध्याकाळी ढाब्यावर बसायचं. गुंठामंत्री म्हणून अशा माणसांची हेटाळणी करणं पुणेकरांना सोपं जातं. मला ते मुळीच पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं काम एका सहीनं संपतं आणि त्या जागी काय करायचं हे त्यांना कोणीही सांगितलेलं नसतं.

पैसा आणि समाधान यांवर संशोधकांमध्येही बराच वाद झाला. डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० साली अमेरिकेतल्या पाहणीवरून मांडलं, की वर्षाला साधारण ७५ हजार डॉलरच्या पुढे रोजच्या आनंदात भर पडत नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना २०२१ साली उलट आढळलं, आनंद वाढतच जातो. मग २०२३ साली काहनेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांना बरोबर घेऊन एकत्र काम केलं. बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो, पण जे सर्वांत दुःखी आहेत, अंदाजे पाचातला एक, त्यांच्या बाबतीत एका मर्यादेनंतर वाढ थांबते, असं त्यांना दिसलं. हे आकडे तिकडचे, ते जसेच्या तसे पुण्याला लावू नयेत. पण माझ्या खोलीत मी हेच बघते. टंचाईतून आलेलं दुःख पैसा पुसतो. दुरावा, अपराधीपणा, रिकामा दिवस यांतून आलेल्या दुःखासमोर पैशाचा ढीग लावला तरी ते जागचं हलत नाही. सुरेखाताईंच्या घरी तेच चाललं होतं. मन खाऊ लागलं की सोनं घ्यायचं, फर्निचर बदलायचं. चार दिवस बरं वाटायचं.

त्यांचे पती एकदा सोबत आले. सुरुवातीलाच म्हणाले, "बाई, सह्या त्यांनी राजीखुशीनं केल्या." मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "सही करताना धाकटी काय बोलली, आठवतंय?" बराच वेळ ते हातातली किल्ली फिरवत राहिले. मग म्हणाले, "दादा, तू म्हणशील तिथं करते, म्हणाली. वाचलं पण नाही तिनं."

पुढचे निर्णय त्यांचे त्यांनी घेतले. बहिणींना काय आणि कसं द्यायचं हे वकिलांकडून समजून घ्या, एवढं मी सुचवलं, कारण ते माझं क्षेत्र नाही. दोघींना रकमा द्यायचं ठरलं. मुलानं आदळआपट केली, महिनाभर बोलला नाही. धाकटीनं पैसे घेतले आणि दिवाळीत येऊन चार दिवस राहिली. थोरलीनं चेक परत पाठवला. "पैसे नकोत. तेव्हा बसवून विचारलं असतंस, तर मी आपणहून सही केली असती," असा निरोप आला. ती अजून येत नाही. योग्य माणसाला दिलेला पैसाही प्रत्येक वेळी पुरा पडतोच असं नाही. सुरेखाताईंना हे सोसायला जड गेलं, त्यावर आम्ही बरंच बोललो. पण झोप सुधारली. पतींनी उरलेल्या बारा गुंठ्यांत मेथी-कोथिंबीर लावली आहे. मार्केट यार्डात भाजी पोचवायला डिझेलच जास्त जातं, तरी ते पहाटे स्वतः जातात. ढाब्यावर जाणं कमी झालंय, बंद झालेलं नाही.

ज्यांच्या घरात सध्या असा व्यवहार चालू आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. कचेरीत जाण्याआधी बहिणींना घरी बोलावून बसा, कागद वाचून दाखवा, रक्कम सांगा आणि त्यांना विचार करायला वेळ द्या. शेती जाणार असेल, तर त्या माणसाचा दिवस उद्यापासून कसा जाणार हे पैसे येण्याआधीच त्याच्याशी बोला. आणि पैसा असो वा नसो, दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर "सुख टोचतंय" म्हणून स्वतःला गप्प करू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.