तलवारीचा गंज, पदकांची ओळख आणि शेतातला गोळा

प्रश्न : पणजोबांची तलवार आमच्याकडे आहे. दसऱ्याला तिची पूजा होते. पात्यावर लाल गंज चढलाय, मूठ डुगडुगते. एक पॉलिशवाला बफ मारून नव्यासारखी करून देतो म्हणतो. द्यावी का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : देऊ नका. बफच्या चाकाखाली गंजाबरोबर पोलादाचा वरचा थरही जातो, आणि तलवारीची ओळख त्याच थरात असते. मुशीतल्या जुन्या पोलादावरची लाटालाटांची नक्षी म्हणजे जव्हार, मुठीजवळचा कारागिराचा शिक्का, कोफ्तगरीची, म्हणजे पोलादावर ठोकून बसवलेली, सोन्याची तार, हे सगळं दहा मिनिटांत सपाट होतं. गेलेलं परत आणता येत नाही.

आधी गंज ओळखा. बोटाला केशरी भुकटी लागली तर तो चालू गंज, तो काढायचा. घट्ट बसलेला काळपट थर मात्र तसाच राहू द्या. तो पात्याचं वयच सांगतो. हातात मोजे घाला, कारण घामातल्या मिठामुळे बोटांचे ठसे पुढे गंजून वर येतात. शिलाई मशीनचं तेल कापसाने पातळ लावा, 24 तास मुरू द्या, मग मऊ सुती फडक्याने पुसा. पाठीकडून धरून पुसायचं, धारेकडून नाही. फडकं लालसर यायचं थांबेपर्यंत हेच पुन्हा करा. हट्टी ठिपके बांबूच्या कामटीने हलकेच उकरा. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही नको. आम्ल सांध्यात शिरून बसतं आणि पुसल्यावरही आतून खात राहतं.

उरलेलं तेल रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या मिनरल टर्पेंटाइनने काढा. स्पिरिट वापरू नका. बहुतेक जुन्या तलवारींत पात्याची मागची जीभ मुठीत लाख ओतून बसवलेली असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात फिरवा.

मूठ डुगडुगते तीही बहुधा या लाखेमुळेच. जुनी झाली की ती तडकते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या तलवारीची तर मऊही पडते. दोन भागांचं चिकट रसायन ओतू नका, वेल्डिंग तर मुळीच नको. लाखेचं काम येणाऱ्या माणसाकडून पुन्हा लाखच भरून घ्या. तोवर मुठीला धरून तलवार म्यानातून उपसू नका.

म्यान वेगळं ठेवा. त्यातलं लाकूड आणि चामडं पावसाळ्यात ओल धरतं, आणि पातं आतल्या आत गंजत राहतं. पूजेचंही सांगतो : ओलं गंध आणि फुलं रात्रभर पात्यावर राहिली की नेमका तिथेच गंज धरतो. गंधफूल म्यानाला वाहा, पात्याला कोरडी अक्षता पुरे.

कायद्याचं थोडक्यात. 9 इंचांपेक्षा लांब पात्याची तलवार शस्त्र नियमांच्या पाचव्या वर्गात येते, म्हणून फोटो आणि मापांसह पोलीस ठाण्याला लेखी कळवून पोच घ्या. वस्तू 100 वर्षांहून जुनी असेल तर 1972च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ती परदेशी पाठवता येत नाही.

प्रश्न : आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. डब्यात तीन तारे आणि दोन गोल पदकं आहेत, पण एकावरही नाव नाही. ते कुठे लढले हे कसं कळणार?
– एक वाचक, कामठी

उत्तर : नाव नाही म्हणून पदकं खोटी ठरत नाहीत. त्या युद्धातले बरेच तारे नावाशिवायच दिले गेले. पहिल्या महायुद्धाच्या पदकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, आणि ब्रासोने घासघासून लोक नेमकी तीच ओळ पुसून टाकतात.

तुमच्या ताऱ्यांवर मधल्या वर्तुळात मोहिमेचं नाव आहे, भिंगाखाली तिरप्या उजेडात वाचा. फीत शाबूत असेल तर तीही बोलते. लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल पट्टे इटलीचे. गडद निळ्यात मधोमध रुंद लाल आणि दोन्ही बाजूंना नारिंगी पट्टी ब्रह्मदेशाची. गोल पदकांपैकी भारताचा नकाशा असलेलं इंडिया सर्व्हिस मेडल. फीत धुऊ नका, नवी लावायची असेल तर जुनी जपून ठेवा.

खरी किल्ली म्हणजे डिस्चार्जचा कागद आणि त्यावरचा सैनिक क्रमांक. तो घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, मग पलटणीच्या केंद्राकडे लिहा : मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर. कागदाला लॅमिनेशन करू नका. 600 डीपीआयने स्कॅन करून सपाट ठेवा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने कोण, कुठे, कधी एवढं लिहा. घरात आजी असेल तर तिचं बोलणं आधी रेकॉर्ड करा. कागद पुढच्या महिन्यातही सापडेल. पीव्हीसीचे खिसे असलेल्या अल्बममध्ये पदकं हिरवी आणि चिकट होतात, तेव्हा ती तिथे नकोत.

प्रश्न : नांगरताना लोखंडी गोळा सापडला. 1817च्या सीताबर्डीच्या लढाईतला तोफगोळा असेल का?
– एक शेतकरी वाचक, नागपूर जिल्हा

उत्तर : असेलही, पण सिमेंटच्या आणि खनिजाच्या गिरण्यांतले दळणाचे पोलादी गोळे लोक सर्रास तोफगोळे समजतात. व्यास मोजा, वजन करा. सहा पौंडी भरीव ओतीव गोळा साधारण 9 सेंटिमीटरचा आणि 2.7 किलोचा. त्याच मापाचा गिरणीचा गोळा 3 किलोच्या आसपास भरतो. ओतीव गोळ्यावर साच्याची शिवण आणि रस ओतल्याची खूण शोधा.

मापाच्या मानाने फार हलका लागला, किंवा एका बाजूला बुजवलेलं भोक दिसलं, तर तो पोकळ असेल आणि आत दारू असू शकते. अशा वेळी मोजमापही सोडा. भोक पाडणं नको, गरम करणं नको, घरात आणणंही नको. दूर व्हा आणि 112 वर कळवा.

भरीव गोळा असेल तरी 1878च्या निखात निधी (जमिनीत सापडलेला ठेवा) कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं तुमच्यावर येतं. धुऊ नका. जमिनीतल्या लोखंडात क्षार शिरलेले असतात; त्याला दमट हवा लागली की तपकिरी थेंब फुटतात आणि पापुद्रे सुटतात. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, 20 लिटरच्या डब्याला 200 ग्रॅम. सोबत चिठ्ठी हवी : गट क्रमांक, किती खोल, बांधापासून किती अंतरावर, कोणत्या तारखेला.