कोळसा संपला म्हणून इलेक्ट्रिकल नको?

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यात औष्णिक वीज केंद्रात ऑपरेटर आहे. मुलीला सीईटीत ८४ पर्सेंटाइल आहेत आणि तिला इलेक्ट्रिकल हवंय. कोळशाचे दिवस भरले, सोलरला माणसं लागत नाहीत. पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर घेऊन देतोय. ऐकलं नाही तर फी भरणार नाही, असं सांगितलंय. तिला कसं पटवून देऊ? – एक पालक

उत्तर : ‘फी भरणार नाही’ या वाक्यापुढे मला जाताच येईना. अशी धमकी दिली की मुलगी ब्रँच निवडत नाही, बापाचा राग टाळते. अशी मुलं माझ्याकडे दुसऱ्या वर्षी येतात, एटीकेटी घेऊन, आणि तेव्हाही घरात चूक कुणाची यावरच वाद चालू असतो. तिला इलेक्ट्रिकल का हवंय, याची एक ओळही तुमच्या पत्रात नाही. विचारलंत का कधी? नाइट शिफ्ट आणि राख यांत तुमची उमेद गेली, मुलीच्या वाट्याला ते नको, असं वाटत असेल तर समजू शकते. मग तिला तसंच सांगा. त्यावर देशाच्या ऊर्जा धोरणाचं पांघरूण कशाला?

शिवाय ते धोरण तुम्ही अर्धंच ऐकलंय. २०२५ च्या मध्यात देशाची निम्मी स्थापित क्षमता (म्हणजे उभारलेल्या केंद्रांची एकूण ताकद) सौर, पवन, जल, जैव आणि अणू मिळून झाली, ही बातमी खरी. पण क्षमता निराळी आणि तयार होणारी युनिटं निराळी. वर्षभरात तयार होणाऱ्या विजेत सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा अजून कोळशाचाच आहे. सोलर पॅनल वर्षाच्या सरासरीने क्षमतेच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढंच देतं, आणि दिवेलागणीनंतर काहीच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रांवर जेमतेम चार दिवसांचा कोळसा उरला होता, तेव्हाची पळापळ तुम्ही आतून पाहिली असेल. कोळसा निदान घरचा आहे. सोलर सेलचे वेफर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकत्या, अजून बहुतेक चीनमधून येतात. म्हणून सरकार २०३० पर्यंत ५०० गिगावॉट स्वच्छ क्षमतेचं लक्ष्य ठेवतं आणि कोळशाची केंद्रंही चालू ठेवतं. त्यांचं काम मात्र बदलतंय. दुपारी ऊन असताना संचाचा लोड उतरवायचा, संध्याकाळी सात वाजता पुन्हा चढवायचा. संच बंद न करता चालवायचा किमान लोड क्षमतेच्या ५५ टक्क्यांवरून ४० वर आणायला केंद्रीय वीज प्राधिकरणाने सांगितलंय. बॉयलरच्या ट्यूबा हे किती सोसतील, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. हा लोड कमी-जास्त करण्याचा निरोप येतो ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून. तिथे काम इलेक्ट्रिकलवाल्यांचं! उद्याच्या उन्हावाऱ्याचा अंदाज, बॅटरी, घाटघरसारखे पाणी पुन्हा वर चढवणारे प्रकल्प, नव्या पारेषण वाहिन्या, बिघाड झाला की लाइन तोडणारे रिले, सगळीकडे तीच माणसं लागतात. सोलरला माणसं लागत नाहीत, हे पॅनल पुसण्यापुरतं ठीक. देशाने नेट झिरोसाठी, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्यासाठी, २०७० साल दिलंय. तोवर तुमची मुलगी निवृत्त झालेली असेल.

नोकरीची हमी मी देत नाही. सरकारी जागा कमी, कंत्राटी भरती जास्त. पण हमी कॉम्प्युटरलाही नाही, आणि तिथे डोक्यावर कोट्याचं कर्ज वेगळं. प्रोग्रॅमिंग तिला इलेक्ट्रिकलमध्ये राहूनही शिकता येईल, शिकावंच लागेल. पुढचे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत: महापारेषण-महानिर्मितीच्या परीक्षा, एमटेकसाठीची गेट परीक्षा, वीज क्षेत्राचं प्रशिक्षण देणारी नागपूरची एनपीटीआय. एक टाळा. ‘रिन्यूएबल एनर्जी’ नावाची महागडी बीटेक कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. आधी मूळ ब्रँच, बाकीचं नंतर.

आता सल्ला, आणि तो ब्रँचबद्दल नाही. तुमच्या पत्राखाली वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे: ‘पप्पांनी कॅप लॉगिनचा पासवर्ड बदललाय.’ कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, कॉलेज-ब्रँचचे पर्याय तिथेच भरायचे असतात. तो पासवर्ड आज तिला परत द्या. फीचं बोलणं तिच्या आईसमोर, स्पष्ट शब्दांत मागे घ्या. मग एका रविवारी तिच्याबरोबर बसून दोन्ही ब्रँचचे विषय वाचा. तिने आपणहून कॉम्प्युटर निवडलं, तर माझी काहीच हरकत नाही. ऑप्शन फॉर्म तिनेच भरायचा. शेवटची तारीख तेवढी पाहून ठेवा.