जागतिक कयाक स्पर्धेच्या तयारीविषयी शिष्येस पत्र

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

राष्ट्रीय शिबिरासाठी तुझी निवड झाल्याचे वाचून फार आनंद झाला. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे स्वप्न आतापासून बाळगतेस, यातही काही वावगे नाही. पण त्यासाठी वेग कसा वाढवू, या तुझ्या प्रश्नावर माझे उत्तर तुला कदाचित रुचणार नाही. जो वेग तुझ्याकडे आज आहे, तोच एका दिवसात दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा आणण्याची ताकद आधी कमव.

आपल्याकडच्या छोट्या स्पर्धांत नावा मोजक्याच असतात. एक शर्यत जीव तोडून मारली की बहुधा काम भागते. जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरी, उपांत्य फेरी आणि मग अंतिम फेरी अशी चाळणी लागते आणि पदकाच्या अंतिम फेरीत फक्त नऊ नावा उरतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टनने ३ ऑगस्ट २०२१ या एकाच दिवशी २०० मीटर के-१ (एकटीची कयाक) आणि ५०० मीटर के-२ (दोघींची कयाक) अशी दोन सुवर्णपदके जिंकली आणि दोन दिवसांनी ५०० मीटर के-१चेही सुवर्ण घेतले. असे शरीर केवळ जोर-बैठकांनी घडत नाही. शर्यत संपल्यावर दम लागलेला असतानाही काठावर न बसता हलके वल्हवत राहणे, वेळेवर खाणे आणि दोन शर्यतींच्या मधल्या वेळात गप्पांच्या फडापासून लांब राहणे, हाही त्याच तयारीचा भाग आहे. आठवड्यातून एकदा सकाळी ५०० मीटर पूर्ण जोराने मार, दीड-दोन तासांनी पुन्हा मार आणि संध्याकाळी तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा वहीत लिहून ठेव. तुझी तयारी मी तिसऱ्या आकड्यावरून जोखणार आहे.

आता वल्ह्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण कोल्हापूरच्या मुलामुलींची एक खोड मला ठाऊक आहे. तालमीच्या या गावात ताकद म्हटली की खांदे आणि दंड डोळ्यांसमोर येतात, आणि मग कयाकमध्येही हातानेच ओढण्याचा मोह होतो. पाते पायाच्या बोटांच्या रेषेत, नावेला अगदी लागून, पूर्ण बुडेपर्यंत पाण्यात रोव. त्याच क्षणी त्याच बाजूच्या पायाने समोरची फळी दाब, म्हणजे कंबर आणि पाठ आपोआप वळेल आणि हात जवळजवळ सरळ राहूनही नाव पुढे सरकेल. हल्लीचे पंखाच्या आकाराचे पाते थोडे बाहेरच्या दिशेने जाऊ द्यावे लागते. ते नावेला समांतर दाबून धरलेस तर त्या आकाराचा फायदाच मिळत नाही. पाते कमरेपाशी आले की बाहेर काढ. त्यामागे ते रेंगाळले तर नाव पुढे जाण्याऐवजी शेपटाकडून खाली दबते. रंकाळ्यावर वारा पडलेला असेल तेव्हा मागे वळून न पाहता नुसते कान दे: पाते पाण्यात शिरताना मोठा फटका ऐकू येत असेल, तर ते रोवले जाण्याआधीच तू ओढायला लागली आहेस.

नियमांची पुस्तिका एकदा नीट वाच. के-१ नाव ५.२० मीटरपेक्षा लांब आणि १२ किलोपेक्षा हलकी चालत नाही. शर्यतीनंतरही ती काट्यावर चढवली जाऊ शकते आणि वजन कमी भरले तर सारी मेहनत पाण्यात जाते. शर्यतीत आपल्या लेनच्या मध्यातून जायचे. शेजारणीच्या नावेने उठवलेल्या लाटेवर स्वार होण्याची युक्ती ५००० मीटरमध्ये चालते, ५०० मीटरमध्ये नाही.

महिलांची कॅनो शर्यत टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आली, तिकडे चुरस कमी म्हणून कयाक सोडावी का, असेही तू विचारले आहेस. हांगझौच्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी १००० मीटर सी-२मध्ये, म्हणजे दोघांच्या कॅनोत, कांस्यपदक मिळवल्यापासून बरीच मुले असा हिशेब करू लागली आहेत. कॅनोत एका गुडघ्यावर बसून, एकाच पात्याच्या वल्ह्याने आणि सुकाणूशिवाय नाव सरळ ठेवावी लागते. ती कला मुळापासून शिकण्यात तुझे निवडीचे वर्ष निघून जाईल, म्हणून माझा सल्ला नकाराचा आहे.

पहिल्या जागतिक स्पर्धेसाठी ब अंतिम फेरीचे, म्हणजे १० ते १८ या क्रमांकांचे ध्येय ठेव. काहींना ते कमीपणाचे वाटते. मला वाटत नाही.

आणखी एक. आषाढ-श्रावणात पंचगंगेवर नाव घालू नकोस, मग राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांच्या कितीही खाली असो. गढूळ पाण्याखालून वाहत येणारे ओंडके वरून दिसत नाहीत आणि केंदाळ सुकाणूत अडकते. तेवढे दिवस व्यायामशाळेतल्या वल्हवण्याच्या यंत्रावर काढ. उघडीप मिळाली की पहिल्याच रविवारी रंकाळ्यावर तिन्ही शर्यती मार आणि त्या वेळा मला कळव. त्या पाहून शिबिरापर्यंतचे वेळापत्रक लिहून पाठवतो. आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझे सर
कोल्हापूर