ब्लाइंड स्पॉट आणि दरवाजा उघडतानाची वॉर्निंग रोजच्या ड्रायव्हिंगमध्ये खरंच उपयोगी पडते का?

तुम्ही लिहिलंय की ठाणे ते अंधेरी रोजचं जाणं-येणं आहे, नवीन गाडी बघताय, आणि शोरूमवाला म्हणतोय टॉप मॉडेल घ्या, त्यात ब्लाइंड स्पॉटची (म्हणजे बाजूला-मागे, आरशात न दिसणाऱ्या जागेची) आणि मागून कोणी येत असेल तर दरवाजा उघडताना वाजणारी वॉर्निंग आहे, त्याचे लाखभर जास्त पडतात, तर हे कामाचं आहे का नुसतं फॅड. आणि तुमचा मित्र म्हणतो, ज्याला गाडी येते त्याला हे लागत नाही. हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले, नाहीतर मी इथे फक्त वाचते. ब्लाइंड स्पॉटचं नंतर सांगते, आधी दरवाजा.

आम्ही भांडुपचे. बाबा एलबीएस रोडवरच्या एका कंपनीत होते कांजूरला, तीस वर्षं सायकलने गेले, पावसाळा असो काही असो. २०११ चा जुलै. सकाळची साडेसातची वेळ, बारीक पाऊस, सिग्नलच्या आधी गाड्या थांबलेल्या आणि बाबा नेहमीसारखे रस्त्याच्या डाव्या कडेने, म्हणजे गाड्या आणि फूटपाथ यांच्या मधल्या तीन-चार फुटांतून चाललेले. एका पांढऱ्या गाडीचा मागचा डावा दरवाजा उघडला. कोणीतरी बाईंना सिग्नलवरच उतरायचं होतं, तेवढंच. दरवाजाचा काठ सायकलच्या हँडलच्या उजव्या टोकाला लागला, हँडल गर्रकन फिरलं आणि बाबा दरवाजावरून पुढे फेकले गेले. उजव्या बाजूचं कॉलर बोन मोडलं. डबा कॅरिअरवरून उडाला, त्याचं झाकण निघालं आणि भेंडीची भाजी गटाराच्या जाळीवर पसरली होती, हे मी स्वतः बघितलंय कारण मी त्याच वेळी स्टेशनला निघाले होते आणि गर्दी बघून थांबले होते. गर्दीत मधे आपलेच बाबा बसलेत हे कळायला मला दोन-तीन सेकंद लागली. त्या बाई म्हणत होत्या, "काका, बघून चालवता येत नाही का, आम्ही तर थांबलेलो होतो." गाडीवाल्याने पाचशेची नोट पुढे केली, बाबांनी घेतली नाही. पोलिसातही गेले नाहीत, म्हणाले जाऊ दे, कामावर कळवा फक्त.

सहा आठवडे हात गळ्यात. आजही त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर नीट जात नाही, माळ्यावरचं काही काढायचं असलं की डाव्या हाताने काढतात. सायकल त्यानंतर चालवली नाही.

पण मला लागलं ते वेगळंच. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये माझा मोठा भाऊ आला. दादा तेव्हा नुकताच गाडी शिकला होता, लायसन हातात येऊन महिना झाला असेल, आणि बाबांच्या पलंगाशी उभा राहून म्हणाला, "बाबा, डावीकडून ओव्हरटेक कशाला करायचा?" बाबा काही बोलले नाहीत. मी पण नाही बोलले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. सायकलवाला डावीकडून ओव्हरटेक करत नसतो, तो त्याच्या जागेवर असतो. रस्त्याची डावी कड हीच त्याची जागा, लहानपणापासून सगळ्यांना तेच शिकवतात. गाडी जर फूटपाथपासून चार फूट लांब उभी असेल तर ते चार फूट तिचे नाहीत, तिथून कोणीतरी जाणारच. दरवाजा उघडणाऱ्याने बघायचं. थांबलेलो होतो म्हणून काय झालं, दरवाजा हलला ना?

आता तुमच्या मित्राचं वाक्य. "ज्याला गाडी येते त्याला लागत नाही." अहो, दरवाजा ड्रायव्हर कुठे उघडतो? आपल्या मुंबईत ज्या दरवाजाने माणसं पडतात तो माझ्या बघण्यात बहुतेक वेळा मागच्या सीटवरच्या माणसाने उघडलेला असतो, ज्याच्यासमोर आरसा नाही, ज्याला गाडी येत नाही, जो मोबाइलमध्ये असतो किंवा पिशव्या सांभाळत असतो. ड्रायव्हर कितीही पट्टीचा असला तरी मागच्या माणसाचा हात तो धरू शकत नाही. तीसच्या स्पीडने येणारी बाइक सेकंदाला आठ मीटर कापते, म्हणजे एका सेकंदात दोन गाड्यांच्या लांबीएवढं अंतर. उघडलेला दरवाजा जवळजवळ मीटरभर बाहेर येतो. ब्रेक दाबायला जागाच नसते.

जुने काळी-पिवळीवाले हे ओळखून होते. ट्रॅफिकच्या बाजूचा मागचा दरवाजा कितीतरी टॅक्सीवाले उघडूच द्यायचे नाहीत, "इधर से नहीं, उधर से उतरो" म्हणायचे. पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाल्या, त्यांच्याबरोबर ही शिस्त पण गेली असं मला वाटतं. ॲपवरच्या गाड्या आता तिसऱ्या लेनमध्ये थांबतात आणि लोक दोन्हीकडून उतरतात.

तर दोन वर्षांपूर्वी मी गाडी घेतली तेव्हा पैसे ताणून टॉपचं मॉडेल घेतलं, मुख्य म्हणजे या दरवाजाच्या वॉर्निंगसाठी, सनरूफसाठी नाही. दादा म्हणाला पैसे उडवायचे धंदे. गेल्या वर्षी गणपतीच्या खरेदीला दादरला गेलो होतो, मी चालवत होते, दादा पुढे, मागे डावीकडे मावशी. गोखले रोडवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. मावशी म्हणाली मी इथेच उतरते, तुम्ही पार्किंग शोधा. मी "थांब" म्हणेपर्यंत तिने हँडल ओढलं, गाडीत टुंग-टुंग-टुंग सुरू झालं, आरशात पिवळा दिवा लागला, मीटरवर लाल चित्र आलं, आणि मावशीला वाटलं सीट बेल्टचंच वाजतंय, ती म्हणाली "हो गं बाई, काढलाय बेल्ट" आणि दरवाजा ढकलला. मी ओरडले. दरवाजा वीतभर उघडला असेल तेवढ्यात थांबली. डावीकडून जेवणाची डिलिव्हरी करणारा पोरगा येत होता, इलेक्ट्रिक स्कूटरवर, म्हणजे आवाज शून्य, कानाने कळायचा प्रश्नच नाही. त्याने कचकन ब्रेक मारला, मागचं चौकोनी बॉक्स हललं, पुढचं चाक दरवाजापासून हातभर अंतरावर येऊन थांबलं. आणि दादाने काच खाली केली आणि त्या पोराला म्हणाला, "दिसत नाही का रे? गाडी थांबलेली आहे ना!"

मी त्याला तिथेच म्हटलं, दादा, आपल्या बाबांना त्या बाई हेच म्हणाल्या होत्या.

गाडीत कोणी बोललं नाही. पोरगा "ठीक आहे ताई" म्हणून निघून गेला, मी त्याला सॉरी म्हटलेलं त्याने ऐकलं की नाही माहीत नाही. परत येताना सायनला पोचल्यावर दादा एवढंच म्हणाला की ते टुंग-टुंग बंद करता येतं का. येतं, सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. मी करणार नाही. हे उत्तर दादा वाचेल, वाचू दे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दोन्हींत दरवाजाची वॉर्निंग मुंबईत जास्त कामाची. पण गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगा की हा आवाज आला तर दरवाजा उघडायचा नाही. मी मावशीला सांगितलं नव्हतं, ती माझी चूक. काही महागड्या गाड्यांत दरवाजावरची लाइटच लाल होते म्हणजे मागच्याला समोर दिसतं, आणि ह्युंदाईच्या सेफ एक्झिट असिस्टमध्ये मागून गाडी येत असेल तर मागच्या दरवाजाचं इलेक्ट्रॉनिक चाइल्ड लॉक निघतच नाही, हे सगळ्यात चांगलं. आपल्याला परवडणाऱ्या गाड्यांत बहुतेक वेळा नुसता दिवा आणि आवाज.

आता ब्लाइंड स्पॉट. मागच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत आतून रडार बसवलेले असतात, तेच दोन रडार ब्लाइंड स्पॉट, रिव्हर्स घेताना आडवं येणारं वाहन आणि दरवाजा अशा तिन्ही वॉर्निंगला वापरतात, म्हणून सहसा हे सगळं एकत्रच मिळतं. बाजूच्या लेनमध्ये मागे कोणी असेल तर आरशात दिवा लागतो, आणि त्याच बाजूचा इंडिकेटर दिलात तर दिवा लुकलुकतो आणि आवाज येतो. इंडिकेटरच दिला नाही तर बऱ्याच गाड्यांत आवाज येत नाही, तेव्हा ज्यांना इंडिकेटर द्यायची सवय नाही त्यांनी यावर पैसे घालू नयेत, अर्धी वॉर्निंग फुकट जाते. होंडा सिटीतल्या लेनवॉचसारखा कॅमेरावाला प्रकार वेगळा, त्यात डाव्या आरशाखालच्या कॅमेऱ्याचं चित्र स्क्रीनवर येतं, बघायचं काम तुमचं.

तुमच्या रूटवर सांगते. सकाळी मुलुंडपासून विक्रोळीपर्यंत बंपरला बंपर लागलेलं असताना दोन्ही बाजूंनी बाइक जातात आणि दिवा सारखा लागतो, तेव्हा त्याकडे लक्ष जात नाही, खरं सांगायचं तर त्रासच होतो. पण संध्याकाळी जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला लागताना, अंधार, पाऊस, आरशावर थेंब, उजवीकडून सरळ येणारा ट्रॅफिक सुसाट, तिथे मला त्या दिव्याने दोनदा थांबवलंय. दोन्ही वेळा बाइकच होती, आरशात नव्हती.

आणि आरसे नीट लावा आधी, हे फुकट आहे. आपण सगळे आरशात आपल्याच गाडीची अर्धी बाजू बघत बसतो. १९९५ साली जॉर्ज प्लॅट्झर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने यावर पेपर लिहिला होता, त्याची पद्धत आपल्या उजव्या स्टिअरिंगला अशी: डोकं उजव्या खिडकीच्या काचेला टेकवा आणि उजवा आरसा एवढा बाहेर करा की आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल, मग डोकं गाडीच्या मध्यावर आणून डावा आरसा तसाच करा. सरळ बसलात की आपली गाडी आरशात दिसत नाही, पहिले चार दिवस चुकल्यासारखं वाटतं, नंतर सवय होते. मधल्या आरशातून गेलेली बाइक लगेच बाजूच्या आरशात येते. गोल चिकटवायचा आरसा कुर्ल्याला सीएसटी रोडवर कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतो, तोही चालेल, पण त्यात सगळं फार लांब वाटतं, अंतराचा अंदाज त्यावरून घेऊ नका.

दरवाजासाठी पण फुकटचा उपाय आहे, लांबच्या हाताने उघडायचा. ड्रायव्हरने उजवा दरवाजा डाव्या हाताने, डावीकडच्याने उजव्या हाताने. अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. नेदरलँडमधली ही सवय, ब्रिटनने २०२२ मध्ये त्यांच्या हायवे कोडमध्येच घातली. माझी सात वर्षांची मुलगी आता असाच उघडते, दादाला अजून जमत नाही.

थोडं विरुद्ध बाजूचंही सांगायला हवं. सोसायटीच्या आवारात मी स्वतः करून बघितलंय, पुतण्याला सायकलवर मागून यायला लावलं. जोरात आला तेव्हा दिवा लागला, रमतगमत आला तेव्हा लागलाच नाही. म्हणजे बाबांसारखा हळू चालवणारा माणूस त्या रडारला दिसेलच असं नाही, हे मला त्या दिवशी फार लागलं. बाजूला भिंत किंवा दुसरी गाडी अगदी चिकटून असेल तरी गडबड होते. बंपरवर चिखल असेल, मुसळधार पाऊस असेल तर कधी कधी सिस्टीम बंद असल्याचा मेसेज येतो. मागच्या बंपरला कोणी ठोकलं तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याला कोपऱ्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरू देऊ नका, जाड लांबी आणि रंगाच्या थरांमधून रडारला नीट दिसत नाही, आणि मागून लोखंडी गार्ड तर अजिबात लावू नका. इंजिन बंद केल्यावर दरवाजाची वॉर्निंग काही मिनिटंच चालू राहते, किती ते प्रत्येक गाडीचं वेगळं, मॅन्युअलमध्ये असतं. गाडी लावून मागे गप्पा मारत बसलात आणि मग उतरलात तर ती नसेल.

लाखभर द्यायचे का, तर तुमच्या मागच्या सीटवर रोज कोणी बसत असेल, मुलं, आई-वडील, तर द्या. एकटेच जात-येत असाल तर आरसे आणि लांबच्या हाताची सवय यावर भागेल, मी नाही म्हणणार नाही. पण घ्यायची ठरवलीत तर टेस्ट ड्राइव्हला पुढे बसून स्क्रीन बघत बसू नका. गाडी रस्त्याच्या कडेला, पण डावीकडे सायकल जाईल एवढी जागा सोडून लावायला सांगा, स्वतः मागे डावीकडे बसा, शोरूमच्या सिक्युरिटीवाल्याची सायकल मागून घ्या आणि कोणालातरी मागून चालवत आणायला सांगा, एकदा जोरात, एकदा हळू. हँडलला हात लावा, दरवाजा उघडू नका, आणि मागच्या सीटवर तुम्हाला काय दिसतं आणि काय ऐकू येतं ते बघा. सायकल पुढे निघून गेली की मगच उतरा.