घरच्या लॅपटॉपला मायक्रोसॉफ्ट ऑफिस (वर्ड, एक्सेल वगैरे) दरवर्षी पैसे भरून घ्यावं की एकदाच विकत घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की घरात एकच लॅपटॉप, मुलीचे शाळेचे प्रोजेक्ट, तुमचा एक्सेलमधला हिशोब, आणि दुकानदार मायक्रोसॉफ्ट ३६५ चं, म्हणजे दरवर्षी पैसे भरायच्या ऑफिसचं, सबस्क्रिप्शन घ्या म्हणून मागे लागलाय. एवढ्यासाठी दरवर्षी पैसे भरू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

पण एकदाच घेतलेलं जन्मभर पुरतं हेही मनातून काढून टाका. ऑफिस २०१६ आणि २०१९ दोन्हीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे ते बंद नाही पडलं, वर्ड अजूनही उघडतं, पण सिक्युरिटी अपडेट येत नाहीत आणि कुणी मेलवर पाठवलेली फाईल उघडायची तर धोका राहतोच. एकदाच विकत मिळणाऱ्या ऑफिस २०२४ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे, त्यामुळे किंमतीला आजपासून तिथपर्यंत जितकी वर्षं उरलीत तितक्यांनी भागा आणि मग वर्षाच्या सबस्क्रिप्शनशी ताडून बघा, दहा-पंधरा वर्षं धरून हिशोब केलात तर चुकेल. आणि ते एकाच कॉम्प्युटरवर चालतं हेही धरा.

आता सबस्क्रिप्शन थांबवलं की काय होतं हे दुकानदार सांगत नाही. फाईल उघडते, वाचता येते, प्रिंट निघते, बदल मात्र करता येत नाही. तेवढं चालून जाईल हो, लॅपटॉपवरच्या फाईली तुमच्याच राहतात, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतात. खरी अडचण वनड्राइव्हची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणुकीची. सोबत १ टीबी जागा मिळते म्हणून आपण सगळ्या घराचे फोटो तिथे टाकतो, आणि पैसे भरायचे थांबले की फुकटची ५ जीबीच उरते. नवीन काही चढत नाही आणि जास्तीचा डेटा तसाच पडून राहिला तर पुढे डिलीटही होऊ शकतो. त्यामुळे फोटोंची एक कॉपी हार्ड डिस्कवर ठेवाच, कुठलाही प्लॅन असो.

सबस्क्रिप्शन वाईटच असं मी म्हणणार नाही. फॅमिली प्लॅनमध्ये सहा जण बसतात, प्रत्येकाला वेगळी १ टीबी, तर भाऊ-बहीण, आईवडील मिळून खर्च वाटून घेणार असाल तर तो स्वस्तच पडतो. तुमचं तसं दिसत नाही.

तुमच्या जागी मी आधी लिब्रेऑफिस टाकून महिनाभर वापरलं असतं, ते ऑफिससारखंच सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे आणि शाळेच्या कामाला भरपूर आहे. वर्डच्या फाईलमध्ये टेबलं वगैरे असली की मांडणी कधीकधी हलते, तेव्हा ब्राउझरमधलं फुकटचं वर्ड वापरायचं. हिशोबात मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप काम करणारे छोटे प्रोग्रॅम) असतील आणि त्यांचं अडायला लागलं तरच २०२४ विकत घ्या. ऑनलाइन चार-पाचशे रुपयांत ऑफिस चालू करायची ‘की’ (कोड) मिळते तिच्या नादी लागू नका, ती कुठून आलीय ते कळत नाही आणि कधीही ब्लॉक होते.

आणि तरीही सबस्क्रिप्शनच घेतलंत तर घेतल्याच दिवशी ऑटो-रिन्यू (पुढच्या वर्षीचे पैसे आपोआप कापले जाणं) बंद करून टाका, भरलेलं वर्ष पूर्ण मिळतंच.