मोठ्या बॉक्सिंग लढतींआधीची भांडणं खरी असतात की तिकिटं खपवण्यासाठी?

तुम्ही विचारलंय की मोठ्या लढतीआधी पत्रकार परिषदेत होणारी शिवीगाळ आणि धक्काबुक्की खरी असते की ठरवलेली, आणि पैसे भरण्याआधी ते ओळखायचं कसं. मी वीसेक वर्षं बॉक्सिंग पाहतोय आणि अशा हवेला भुलून बऱ्याच रात्री जागवल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी धंद्याचं गणित बघा. चित्रपट वाईट निघाला तर दुसऱ्या दिवशी थिएटर ओस पडतं. बॉक्सिंगमध्ये दुसरा दिवसच नसतो. पे-पर-व्ह्यूचे, म्हणजे ती एकच लढत टीव्हीवर पाहायला वेगळे भरायचे पैसे पहिली घंटा वाजेपर्यंत जमा झालेले असतात आणि लढत कितीही रटाळ झाली तरी ते परत मिळत नाहीत. त्यामुळे प्रमोटरची, म्हणजे लढत भरवून विकणाऱ्याची सगळी मेहनत आधीच्या काही आठवड्यांत होते, आणि त्या आठवड्यांत तो तुमच्या डोक्यात एकच प्रश्न सोडतो: या वेळी तरी हा हरेल का?

ही युक्ती टीव्हीच्याही आधीची आहे. 1921 मध्ये टेक्स रिकार्ड या प्रमोटरने जॅक डेम्प्सी आणि फ्रान्सचा जॉर्ज कार्पांतिए यांची लढत लावली. कार्पांतिए पहिल्या महायुद्धात पदकं मिळवलेला सैनिक. डेम्प्सीवर लष्करभरती टाळल्याचा आरोप झाला होता. खटल्यात तो निर्दोष सुटला, पण लोकांच्या मनातून ते गेलं नव्हतं. रिकार्डने हाच डाग वापरला: एकीकडे युद्धवीर, दुसरीकडे पळपुटा. कार्पांतिए वजनाने खूपच हलका होता, म्हणजे जाणकारांना निकाल दिसतच होता. तरीही जर्सी सिटीत खास उभारलेल्या लाकडी मैदानात तिकिटांचा गल्ला 10 लाख डॉलरच्या वर गेला. बॉक्सिंगमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. चौथ्या राउंडमध्ये डेम्प्सीने त्याला नॉकआउट केलं.

मुहम्मद अलीने, म्हणजे तेव्हाच्या कॅशियस क्लेने, हीच कला स्वतःच्या तोंडाने केली. 1961 मध्ये त्याची गाठ गॉर्जस जॉर्ज नावाच्या कुस्तीवीराशी पडली. तो इतकी बढाई मारायचा की त्याला हरताना पाहायला लोक गर्दी करायचे. क्लेने ते उचललं आणि प्रतिस्पर्धी कितव्या राउंडमध्ये पडणार ते आधीच सांगू लागला. पण नुसत्या आवाजावर तिकिटं खपत नाहीत, हेही त्याच्याच बाबतीत दिसलं. 1964 मध्ये मायामी बीचला सोनी लिस्टनविरुद्धच्या लढतीआधी बॉक्सरांचं वजन करतात त्या वेळी त्याने एवढा गोंधळ घातला की त्याला दंड झाला, आणि तरी सभागृह अर्धं रिकामं राहिलं. क्ले मार खाणार याबद्दल लोकांना शंकाच नव्हती. शंका नसली की कितीही आरडाओरडा करा, गल्ला भरत नाही. लढत मात्र क्लेने जिंकली.

आता तुमचा मुख्य प्रश्न. माझ्या मते बहुतेक भांडणं ठरवून सुरू होतात, पण ती तिथेच थांबतील याची खात्री कुणालाच नसते. बॉक्सर जो फ्रेझरचं उदाहरण मला अजूनही अस्वस्थ करतं. अलीवर बॉक्सिंग खेळायची बंदी होती तेव्हा फ्रेझरने त्याला पैशाची मदत केली, त्याचा परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला. पुढे 1971 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली त्यांची लढत ठरली. दोघेही अपराजित, दोघांनाही प्रत्येकी 25 लाख डॉलर. तिला कसल्याही मसाल्याची गरज नव्हती. तरी अलीने त्याला गोऱ्यांचा हस्तक ठरवलं, आणि 1975 च्या मनिलातल्या लढतीआधी तर गोरिला म्हणून चिडवलं. अलीसाठी तो प्रचाराचा भाग असेलही, पण फ्रेझरने तो अपमान कित्येक वर्षं उराशी बाळगला. अलीने जाहीर माफी मागितली ती 2001 मध्ये.

उलट प्रकारही असतो, म्हणजे भांडण खरंच हाताबाहेर गेलेलं आणि तेच विकलं गेलेलं. जानेवारी 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या पत्रकार परिषदेत माइक टायसन लेनॉक्स लुईसच्या पायाला चावला. नेव्हाडा राज्याने टायसनला लढायचा परवाना नाकारला, लढत मेम्फिसला हलवावी लागली, आणि विक्री जोरात झाली.

बॉक्सर फ्लॉइड मेवेदरने यातून उघडउघड धंदा उभा केला. ‘प्रिटी बॉय’ हे टोपणनाव सोडून ‘मनी’ घेतलं, 2007 मध्ये ऑस्कर दे ला होयाविरुद्धच्या लढतीआधी एचबीओ वाहिनीच्या मालिकेत नोटांची बंडलं मिरवली आणि खलनायक होणं आनंदाने पत्करलं. निम्मे लोक तो हरावा म्हणून पैसे भरत होते आणि तो हरत नव्हता. 2015 मध्ये फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओशी लढत झाली तोवर दोघांची वाटाघाट वर्षानुवर्षं रखडली होती, आणि ते रखडणंच जाहिरात बनलं. अमेरिकेत एचडी प्रक्षेपणाला जवळपास 100 डॉलर मोजून 46 लाख ग्राहकांनी ती घेतली. लढत सावध आणि थंड झाली. पॅकियाओचा खांदा आधीच दुखावलेला होता हे नंतर कळलं. चिडलेल्या प्रेक्षकांनी खटले भरले, पण 2019 मध्ये अपील कोर्टानेही ते फेटाळले: तुम्ही लढत पाहण्याचे पैसे दिले होते आणि ती तुम्हाला दाखवली गेली. मला तो निकाल कायद्याने बरोबर वाटतो, पण जखम लपवून विकलेल्या लढतीचा राग अजून गेलेला नाही.

मग ओळखायचं कसं? मी आता पत्रकार परिषदा बघतच नाही, त्या लढतीचे नियम वाचतो. 2024 मध्ये टायसनने वजनाच्या वेळी यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या जेक पॉलला थोबाडीत मारली आणि तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. पण टायसन 58 वर्षांचा होता, राउंड दोन-दोन मिनिटांचे आणि फक्त आठ, ग्लोव्हज नेहमीपेक्षा जड. संध्याकाळ थंड जाणार हे या चार गोष्टींत लिहिलेलं होतं. दुसरं, ‘अपराजित’ शब्द दिसला की त्या माणसाने शेवटच्या चार-पाच लढतींत कुणाला हरवलं ते तपासा. घसरणीला लागलेले प्रतिस्पर्धी निवडून रेकॉर्ड फुगवता येतो. बेल्टवर, म्हणजे विजेतेपदाच्या पट्ट्यावर फार जाऊ नका. चार मोठ्या संघटना, 17 वजनगट, त्यात ‘अंतरिम’ म्हणजे तात्पुरते वगैरे विजेते वेगळे. त्याऐवजी दोघांच्या शैली जुळतात का ते पाहा. दोघेही पुढे सरकून मारणारे असतील तर सहसा निराशा होत नाही.

मे 2005 मध्ये दिएगो कोरालेस आणि होसे लुईस कास्टियो भिडले तेव्हा फारशी हवा नव्हती. दहाव्या राउंडमध्ये कोरालेस दोनदा खाली पडला आणि त्याच राउंडमध्ये उठून त्याने कास्टियोला संपवलं. ती लढत सापडली तर पहिल्या राउंडपासून पाहा, नुसता दहावा नको.